तेलाचं काम तुळजाबाईंकडे

माझ्या सासूबाई तुळजाबाई. मी लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आले, तेव्हा हळदीचा रंग उतरायच्या आत शेजारच्या बायकांनी मला एक गोष्ट सांगून टाकली, की तुझ्या सासूच्या हातानं नवऱ्याचा दिवा गेला. सांगताना त्यांचा चेहरा असा, जशी काही नव्या सुनेला गावची ओळखच करून देताहेत.

गोष्ट १९८१ सालच्या नवरात्रातली. घरात घट बसले होते आणि घटाजवळचा अखंड दिवा सासूबाईंच्या जिम्म्यावर होता. सासरे बद्रीनाथ तापानं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं डोकं चेपता चेपता बाईचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा दिवा शांत झालेला होता. दिवाळीनंतर सासरे वारले. कावीळ होती, भोकरदनच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलंही होतं. पण कावीळ समजायला कठीण आणि दिवा समजायला सोपा, तेव्हा गावानं दिवा धरला. मला याचा आजही संताप येतो. खुद्द सासूबाईंनी मात्र कधी हुज्जत घातली नाही, कारण त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

त्यानंतर दर नवरात्रात त्या दिव्याजवळून हलत नसत. करडईच्या तेलाची बरणी मांडीला लावून बसायच्या आणि पणतीतलं तेल बोटभर खाली गेलं की लगेच पळीनं भरायच्या. काठोकाठ भरलेलं तेल दिसलं की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मी थट्टा करायची, की आत्याबाई, वातीला पोहता येत नाही, जरा जागा ठेवा. त्या हसायच्या, पण ऐकायच्या नाहीत.

आमचे हे, देवानंद, आईच्या एकटीच्या कमाईवर वाढले. मोठे झाल्यावर बरीच वर्षं दुसऱ्याची जीप भोकरदनच्या फेरीवर चालवली आणि १९९८ साली नवरात्र तोंडावर आलं असताना स्वतःची नवी कोरी जीप दारात आणली. आधी ती रेणुकाईच्या देवळापुढे नेली. नारळ फोडला, सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ह्यांना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. बॉनेट उघडून त्यांनी आईला तेल पाहायची पट्टी ओढून दाखवली. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन थंड असताना पाहायचं. पट्टी फडक्यानं पुसायची, परत पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि तेल कुठवर लागलंय ते बघायचं. पट्टीवर दोन खुणा होत्या. खालच्या खुणेखाली तेल गेलं की इंजिन मेलं समज, असं त्यांनी सांगितलं. वरच्या खुणेबद्दल काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण आनंदात माणूस अर्धंच सांगतो.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. दोनदा स्वतःच्या हातानं पट्टी काढून पाहिली. तेव्हा हे हसून म्हणाले, "माय, आता तेलाचं काम तुह्याकडं."

ते थट्टेत म्हणाले असतील. पण त्या बाईला इतक्या वर्षांत कोणी विश्वासानं तेलाचं काम दिलं नव्हतं. घरच्या दिव्याचंसुद्धा त्यांनी स्वतःच धरून ठेवलेलं होतं, लोकांच्या नजरा सोसून. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

घट बसले. रोज पहाटे आंघोळ करून ओल्या केसांनी त्या आधी दिवा भरायच्या आणि मग अंगणात गाडीकडे जायच्या. पट्टी पुसायची, घालायची, काढायची, सगळं शिकवल्यासारखं बरोबर. आणि रोज तेल कमीच दिसायचं. मग खोलीत ठेवलेल्या डब्यातून इंजिनाचं तेल जुन्या पळीनं घ्यायच्या आणि भरायच्या. हे उठून चहा घ्यायचे आणि तेल पाहिलं का एवढं विचारून निघून जायचे. नव्या गाडीला काय होतंय, असा त्यांचा हिशोब. मी भाकरी थापता थापता हे सगळं पाहत होते आणि मला त्यात कौतुकच वाटत होतं. गाडीचाही घट बसवा म्हणून मी एकदा चिडवलंसुद्धा.

अष्टमीला भोकरदनच्या रस्त्यावर, माणसांनी भरलेली असताना, जीप धूर ओकायला लागली. पांढरा निळा दाट धूर, खालून तेलाची धार, आणि मग इंजिन बंद. उतारूंनी काही कमी बोल लावले नाहीत. ट्रॅक्टरला बांधून ओढत गाडी गॅरेजला न्यावी लागली. मिस्त्रीनं पट्टी काढली आणि विचारलं, की एवढं तेल कोणी ओतलं. तेल जास्त झालं की इंजिन ते ताकासारखं घुसळतं, त्याचा फेस होतो, आणि फेसानं काही वंगण होत नाही. कमी तेलानं जे होतं तेच जास्त तेलानं होतं.

हे घरी आले तेव्हा सासूबाई घटापुढे बसल्या होत्या. दसरा तोंडावर, सगळ्यांच्या गाड्या झेंडूच्या माळा घालून मिरवणार आणि ह्यांचीच उघडी पडलेली. तरीही पुढचं बोलायला नको होतं.

"बापाचा दिवा बी तुह्याच हातानं गेल्ता," हे म्हणाले. "आता माही गाडी गेली."

गाव जे पाठीमागे म्हणत होतं, ते पोटच्या पोरानं तोंडावर म्हटलं. सासूबाई रडल्या नाहीत. हातातली पळी त्यांनी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "उषा, दिवा तू बघ."

त्या दिवसापासून त्यांनी तेलाला हात लावला नाही. म्हणजे अगदी लावला नाही. माझ्या पोरीच्या डोक्याला रोज त्याच तेल लावायच्या, ते बंद झालं. पोरगी बाटली घेऊन मागे मागे फिरली, शेवटी माझ्याकडे आली. ठेच्यावर करडईचं कच्चं तेल घेतल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या कोरडा ठेचा खायला लागल्या. पुढच्या नवरात्रात घटाजवळ मी बसले आणि त्या लांब भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन, दिव्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. माझ्या नवऱ्याचा मला इतका राग आला होता, की कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

गाडी त्याच वर्षी दिवाळीनंतर दुरुस्त होऊन आली. तेव्हाच मिस्त्रीनं घरी येऊन अंगण पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आमचं अंगण मोरीकडे उतरतं. गाडी अशी तिरपी उभी असली की तेल एका अंगाला जातं आणि पट्टीवर कमी दिसतं. सपाट जागेवर पाहायचं, ही पहिली गोष्ट. देवळापुढची फरशी सपाट होती, म्हणून तिथे बरोबर दिसलं होतं. आणि गाडी रोज उतारावर लावत होते ते आमचे हेच.

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं,

"मंग मला दिसलं ते खोटं नव्हतं?"

मी म्हटलं, तुम्हाला बरोबर दिसलं, जागाच वाकडी होती.

"त्या दिव्याला बी कुठून तरी वारा लागला असंल," त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं, सुटली बाई. पण थोड्या वेळानं स्वतःच मान हलवली. "पर देवानंद म्हणला ते म्हणला."

ह्यांना चूक कळली नव्हती असं नाही. माफी मागायला मात्र जीभ वळेना. जालन्याहून आईला मऊ चपला आणल्या, शाल आणली. मग मुरूम आणून टाकला आणि एकट्यानं फावडं घेऊन सगळं अंगण सपाट केलं. एका सकाळी त्यांनी आईला बाहेर बोलावलं, पट्टी पुसून तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "माय, बघ बरं, बराबर हाय का."

सासूबाईंनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तूच बघ बाबा. तुला दिसतंय." एवढं बोलून त्या आत आल्या. हे पट्टी हातात धरून तसेच उभे होते. मी दारातून पाहिलं, तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. माफीचा तो एक शब्द तेव्हा तरी बोलायचा. पण तेव्हाही ते बोलले नाहीत, आणि मग रोजच्या धबडग्यात वर्षं निघून गेली.

२००३च्या उन्हाळ्यात दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. जिथे गेल्या, तिथे रीतीप्रमाणे पिठावर दिवा लावला. दहा दिवस तो जपायचा होता. बायकांनी मला पुढे केलं, पण ह्यांनी माझ्या हातातून तेलाची बरणी घेतली. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले, आणि गाडी दारात बंद. दिवसभर मांडी घालून तिथेच बसायचे आणि आईच्याच पळीनं तेल घालत राहायचे.

दहाव्याला नदीवर जायची तयारी झाली, माणसं अंगणात जमली. मी बोलवायला आत गेले, तर ह्यांचं ओतणं चालूच होतं. पणती काठोकाठ भरून वाहत होती. तेलानं खालचं पीठ भिजलं होतं, फरशीवर ओघळ आला होता. मी म्हटलं, पुरे आता, भरलंय.

"इथं उतार हाय," हे म्हणाले. "कमी दिसून राह्यलं."

घरातली फरशी सपाट होती.  मी फडकं घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसून खाली सांडलेलं तेल पुसत राहिले.