प्रमिलाने गहू पिळले

प्रमिला माझी धाकटी जाऊ. बंद वस्तू दिसली की हिच्या हाताला खाज सुटते. धरणगावात नवी नवरी म्हणून आली त्याच वर्षी विहिरीवरची मोटर पाणी उचलेना. पुरुष मंडळी मिस्तरीची वाट बघत बांधावर बसलेली. हिने पदर खोचला, गड्यांकडून पाइप वर ओढवला आणि खालच्या जाळीत अडकलेला बेडूक काढून दाखवला. सासरे खूश होऊन म्हणाले, "सुकदेवले बायको नही, मिस्तरी भेटना!"

झालं, तेव्हापासून घरातलं काही हिच्या तावडीतून सुटलं नाही. मिक्सर, शिलाईचं मशीन, भिंतीवरचं घड्याळ. उघडलेलं सगळंच परत जुळलं असं म्हणत नाही मी. घड्याळ अजून डब्यात आहे. विचारलं की म्हणते, "बसाडते ना, घाई काय शे?"

तर गोष्ट यंदाच्या श्रावणातली. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आमची खानदेशची देवी. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्या घरचा नेम असा, की मोजलेले गहू धुवायचे, वाळवायचे, घरच्याच चक्कीवर दळायचे. रोट होईपर्यंत परक्याचा हात लागायला नको आणि दाणा उंबऱ्याबाहेर जायला नको.

यंदा नवी मूठ होती. प्रमिलाची सून सारिका, माहेर जळगावचं. तिला किती वर्षांनी, नवसासायासाने मूल झालं. चंदन त्याचं नाव. मी मूठ भरायला बसले तशी ती बाळाला खांद्यावर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"मोठ्या आई, त्याची जरा भरून घ्या ना."

"सव्वा म्हणजे सव्वा," मी म्हटलं. पण घेतली भरून. तिच्या तोंडाकडे बघून कोणीही घेतली असती.

गहू धुऊन झाले आणि आभाळ जे गच्च बसलं ते उठेचना. पंख्याखाली पसरले तरी ओलेच. दुसऱ्या दिवशी रोट. मी देवाला हात जोडले. प्रमिलाने मशीनकडे पाहिलं.

मशीन सारिकाचं, कपडे धुण्याचं. पुढे गोल काचेचं दार, आत पाळणा. प्रमिलाला त्यातलं एकच आवडतं, ते शेवटचं गरगर पिळणं. सतरंजी कशी कोरडीठाक निघते! मग गहू का नाही निघणार? आणि सोवळंही सांभाळलं हो तिने. आधी मशीन नुसत्या पाण्यावर फिरवून त्याला आंघोळ घातली. मग गहू नव्या उशीच्या खोळीत भरले, तोंडाला सुतळी बांधली, दार लावलं आणि बटण दाबलं.

सुतळी सुटली. आत गारा पडाव्या तसा आवाज झाला. तिला वाटलं, पाणी सोडलं तर दाणे तरंगून गोळा होतील. तिने पाणी सोडलं. आता पाणी आत, गहू पाण्यात, दार कुलूपबंद आणि मशीन नुसतंच घुं घुं करतंय.

"अक्का, लवकर ये वं!"

मी गेले. काचेतून बघते तर गहू फिरताहेत, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे. खरं सांगते, आधी मला मौजच वाटली. मग मागे सारिका दिसली. तिचं तोंड उतरलं होतं.

"आई, यात चंदनचेही आहेत ना?"

प्रमिलाने दार ओढून पाहिलं, ते हललंच नाही.

सारिकाने जळगावच्या दुरुस्तीवाल्याला बोलवायला फोन काढला, तेवढ्यात सुकदेवभाऊ आले. माझे दीर. देवाधर्माचं खातं त्यांच्याकडे. "परका मानूस कानबाईना गहूले हात लावी? नही! आनि कपडा धुवाना मशीनमाना गहू, ते तर रोटले चालतसच नहीत."

सारिकाने बाळाला घट्ट धरलं. प्रमिला मात्र वाकून मशीनचं पोट बघत होती. "अक्का, पाणी येस, पन जात नही. काबरं? विहिरीवर काय झालं होतं? खालच्या जाळीत अडकेल व्हई."

"याला कुठली आली जाळी?"

"दखू ना!"

सारिकाने फोनमध्ये शोधलं. खरंच, खाली कोपऱ्यात बारकी झडप असते म्हणे. आधी तिने भिंतीतला प्लग काढला. प्रमिलाने चमच्याच्या दांडीने झडप उचकटली. आत एक बोटाएवढी नळी आणि एक गोल झाकण. नळी परातीत सोडली, पाणी वाहायला लागलं. परात भरली की मी बादलीत ओतायची, वर गाळणी धरून, दाणा जायला नको म्हणून. पाणी संपलं तशी प्रमिलाने झाकण हळूहळू फिरवलं. बाहेर आली जाळी, गच्च भरलेली. बारके गहू. एक शर्टाचं बटण. केसांचा आकडा. आणि सुपारीची खांडं.

प्रमिलाने एक खांड उचलून उजेडात धरलं. "हाई सुपारी कोनी शे?"

सुपारी या घरात एकच माणूस खायचा. डॉक्टरांनी ती केव्हाच बंद केलेली आणि त्या माणसाने कानबाईपुढे हात ठेवून सोडल्याचं सांगितलेलं. सुकदेवभाऊ छताकडे बघायला लागले.

"सदऱ्याच्या खिशातून गेली का हो, भाऊ?" मी विचारलं.

"जुनी व्हई," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "गहू पाण्यानाच धुयेल शेत ना? साबन नही ना? मग चालतस. कानबाई समजी लेस."

इतक्यात दाराचं कुलूप कट्कन सुटलं. पाळण्यातले गहू काढले. दारापाशी जो रबराचा पट्टा असतो, त्याच्या घडीत बोट घालून दाणे काढले. सगळे पुसून परातीत आले, तरी सारिका तिथून हलेना.

"काही राहिले असतील आत. त्याचे पुरे आलेत, हे कसं कळणार?"

खरं होतं. दाण्यांवर काही नाव नसतं. प्रमिला जमिनीवर बसली होती, हाताला पाणी, पदराला पाणी. तिने सारिकाकडे हात पसरले. "दे इकडे त्याला." बाळाला परातीशी नेलं, त्याचा पंजा गव्हात टेकवला. त्याने मूठ मिटली. मिटून मिटून मावले किती, तर चिमणीचा घास.

"आता बघ," प्रमिला म्हणाली. "अक्कानी मोजली तिच्या हाताची. पोराची ही एवढी. ही तर पुरी आली ना?"

सारिका हसली, मग डोळे पुसले. बाळ मूठ सोडेना. ते दाणे काढून घ्यायला आम्हा तिघींना खूप लाडीगोडी लावावी लागली. मग गहू तव्यावर मंद आचेवर फिरवून कोरडे केले. हे आधी का सुचलं नाही, ते मला विचारू नका.

रोट छान झाले. सुकदेवभाऊंनी दोनदा मागून घेतले, वर सुपारी मागितली नाही.

मशीन चालतं. फक्त जोरात फिरलं की आत कुठेतरी टिक् टिक् होतं. सारिका म्हणते, राहू द्या, एखादा दाणा असेल, घराबाहेर तर नाही ना गेला. प्रमिला कपडे धुताना स्टूल घेऊन शेजारी बसते आणि कान लावते. चमचा तिच्या कमरेला खोचलेला असतो.