वाटेत मोकळी झाली तर

एस्नाथ कामवेंडो मूळची नर्स. घरी अडलेल्या बायका लिलोंग्वेच्या वॉर्डात शेवटच्या घटकेला यायच्या आणि डोळ्यांदेखत जायच्या. ते बघवेना म्हणून तिने नोकरी सोडली आणि लुसाका, कंपाला, अदिस अबाबा इथल्या सभांतून बावीस वर्षं एकच तुणतुणं वाजवत फिरली: बाळंतपण दवाखान्यातच. मंत्री जांभया देत, पण ही हटत नसे.

तिच्या स्वतःच्या गावच्या मुखियाने तर नियमच केला. घरी बाळंत झाली तर एक शेळी दंड. सुईणीने हात लावला तर तिला गावबंदी. एस्नाथने कनवाळूपणाने त्यात एक ओळ घालून घेतली: वाटेत मोकळी झाली तर दंड नाही.

मार्चमध्ये मामाच्या मयताला ती गावी आली. बहिणीची मुलगी तिसुंगे हिचे दिवस भरले होते. कळा पहाटेच सुरू झालेल्या, पण कुणी करणी करेल म्हणून घरच्यांनी अवाक्षर काढलं नाही. दुपारी एस्नाथ बहिणीच्या घरी पोचली तेव्हा तिसुंगेचा नवरा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवत होता.

"वेड लागलंय का? बाळ आत्ता येईल, आत घ्या तिला," एस्नाथ ओरडली.

"आत घेतलं तर शेळी जाईल, ताई," बहीण फानेसी म्हणाली. "त्या आंब्यापर्यंत नेतो. तिथून पुढे झालं की वाटेतच झालं असं धरतात. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात, हे बावीस वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

आंब्याखाली मुलगा झाला, रडला. रक्त मात्र थांबेना. म्हातारी सुईण एलुबी हात पाठीमागे बांधून लांब उभी होती.

"आजी, हात लावा."

"हात लावणार नाही म्हणून कागदावर माझा अंगठा तूच घेतलास ना, बये?"

"चुकलं माझं. पाया पडते तुमच्या."

म्हातारी खाली बसली. दोघींनी पोट दाबून धरलं. एस्नाथचे हात सगळं विसरले होते; म्हातारी दाखवत होती आणि ही देवाला नुसती विनवत होती.

"मावशी," तिसुंगे पुटपुटली, "शेळी वाचली ना?"

"वाचली गं, पोरी."

दवाखान्याची बोलावलेली गाडी यायच्या आत तिसुंगे गेली.

तिसुंगेच्या मातीनंतर मुखिया सांत्वनाला आला. "घरी बाळंत झालेली यंदाही एक नाही, बाई," तो मनापासून म्हणाला. "तिकडे सभेत अभिमानाने सांगा." धरणीने पोटात घ्यावं असं एस्नाथला वाटलं. खोटं आहे म्हणावं, तर वाटेची ती ओळ तिचीच होती.