आत्येच्या सायकलला वेळ नाही

हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही. शेवटच्या आजारात एकदा यांच्या उशाशी बसून तोंड उघडलं होतं — सांगूनच टाकू म्हणून — आणि तोंडातून काय निघालं? ‘पेज घेता का?’ अशी मी. आता घरात ऐकणारं कोणी नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला बसले आहे.

माझ्याकडे पाच सायकली आहेत. हसा, आमचं सगळं सुर्ला गाव हसतं. एक यांची, काळी, खाणीच्या वर्कशॉपमध्ये जायची. एक मुलाने म्हापशाहून आणलेली लेडीज, पुढे टोपलीवाली. एक आमच्या पोदेराची — पाव घेऊन यायचा तो — त्याने स्कूटर घेतली तेव्हा मी निव्वळ हावरटपणाने मागून घेतली. चौथी नातीची गिअरवाली. ती नोकरीला पणजीला गेली आणि ही माझ्या गळ्यात पडली. तिला एकवीस गिअर आहेत म्हणे, मी एकावरच जाते, बाकीचे शोभेला. प्रत्येकीचा वार ठरलेला. सोमवारी देवळात काळी, बाजाराला टोपलीवाली, दळणाला पोदेराची. बाहत्तराव्या वर्षी एवढ्या चौघींना न्याय द्यायचा म्हणजे काय खाऊ आहे?

आणि पाचवी? ती पडवीत उभी असते. पुरुषांची, उंच दांड्याची, हिरवा रंग अर्धा गेलेला. तिच्यावर मी बसत नाही. लोक विचारतात. मी म्हणते, ‘वेळ खंय आसा गो!’ बसथांब्यावर तासभर गजाली मारणाऱ्या बाईला वेळ नाही!

नात एकदा म्हणाली, “आजी, दर रविवारी हिच्यात हवा भरतेस, चेनला तेल देतेस, आणि मग हातात धरून देवळापर्यंत चालत जातेस. बसून गेलीस तर अर्ध्या वेळात येशील.”

बरोबर आहे पोरीचं.

ही सायकल माझ्या आत्येची. कोरगावची. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी आली, आणि काजूच्या दिवसांत बियांची पोती कॅरिअरला बांधून सायकलवरून पेडण्याला जाऊ लागली. काष्टा घट्ट, पाठ ताठ. दुकानाच्या फळीवर बसलेले पुरुष बिडी ओढायचे विसरायचे. बायका — बायका तर जास्तच बोलायच्या. तिने मला अकराव्या वर्षी कापणी झालेल्या शेतात शिकवलं. दांड्याखालून पाय घालून. “फुडे बघ गो चेडवा! चाकाक बघशीत तर गटारात जाशीत!” एकदा चेनच्या दात्यांनी माझी उजवी पोटरी फाडली. तिने पदराची पट्टी फाडून बांधली आणि मला परत सायकलवर चढवलं. त्या जखमेचा वण अजून आहे. हात लावला तर कळतो.

माझं लग्न ठरताना बाबा म्हणाले, मुलाकडे सायकलचं बोलू नका. बरं. ते बाबांचं. पण पुढचं कोणाचं?

लग्नाला महिना झाला नसेल, हे म्हणाले, “चल, तुला सायकल शिकवतो.” तेव्हाच सांगायला हवं होतं ना? पण संध्याकाळी खाणीचे ट्रक थांबलेले, रस्ता धुळीने लाल, आणि हे कॅरिअर धरून माझ्यामागे धावताहेत — नव्या सुनेच्या पाठीवर नवऱ्याचा हात, भर रस्त्यात, सासूच्या परवानगीने! असं सुख कोण सोडेल? मी पडले. झकास पडले. नेमकी यांच्या बाजूला. दोन महिने पडत राहिले. येत असलेली गोष्ट न येण्यासाठी केवढी अक्कल लागते, ती त्या बावीस वर्षांच्या शहाणीला विचारा. घरी येऊन पाहावं तर पोलक्यावर यांच्या ग्रीसची बोटं. त्या खोटेपणाचं मला आजही काही वाटत नाही. तो हात परत मिळणार असेल तर मी उद्यासुद्धा पडेन.

पण ते नाही. मी सांगायला बसले ते वेगळंच आहे — बघा, अजून चाकाकडेच बघते आहे.

आत्ये मला भेटायला सुर्ल्याला आली. दोन बस बदलून, पिशवीत भाजलेले काजू घेऊन. हे खुशीत म्हणाले, “आत्याबाई, तुमच्या पोरीला सायकल मी शिकवली! आधी हात लावायलासुद्धा भ्यायची.”

आत्येने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायाकडे पाहिलं. “खरां गो?”

मी म्हटलं, “हो आत्ये. यांनीच.”

इथवर थांबले असते तर तिने हसून सोडलं असतं. ती तशी होती. पण चहा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, तुमच्याकडे बायका चालवतात की काय? आणि मी — त्या शहाणीने — हसत हसत सांगितलं, “छे! आमच्या गावात सायकलवर बसलेली बाई म्हणजे लोकांना तमाशा.”

हे वाक्य माझ्याकडे कोणी मागितलं होतं?

आत्येने कप खाली ठेवला. “बरां शिकयलां हो जावयांनी,” म्हणाली आणि तीनच्या बसने गेली. सुर्ल्याला ती परत आली नाही. मी चतुर्थीला कोरगावला जायची तेव्हा ती वाढायची, आग्रह करायची, पोरांना मांडीवर घ्यायची. फक्त मला चेडवा, पोरी, म्हणायची नाही. “या सुर्लेकरीणबाई,” म्हणायची. ‘या’ म्हणायची. चाळीसहून जास्त वर्षं मी त्या एका ‘गो’ची वाट पाहिली. जाऊन तिचे पाय धरायला कोणी अडवलं होतं का? सायकल तर होतीच की दारात.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. भाऊ टेम्पोतून ही सायकल घेऊन आला. आत्येने सांगून ठेवलं होतं म्हणाला, तिला द्या. आत्ये माझ्यापेक्षा वीतभर उंच. पण सीट खाली केलेली होती.

“आदल्या चतुर्थीला तिनेच सायकल दुरुस्त करणाऱ्या मेस्ताकडून खाली करून घेतली,” भाऊ म्हणाला. “चेडवाचे पाय पोचाक व्हये, म्हणाली.”

पाय पोचतात. पडवीत एकदा उभ्या उभ्या बघितलं आहे.

उद्या रविवार. हवा भरीन, तेल देईन आणि हँडल धरून तिच्या बाजूने चालत जाईन.