गुळाची चोरी

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्यात मिशनच्या काळातली, दीडशे वर्षांपूर्वी मुलांसाठी छापलेली मराठी पुस्तकं होती. खोलीत ओल आली, कपाटाला वाळवी लागली, तेव्हा सेक्रेटरींनी मला फोन केला. "ताई, सोमवारी रद्दीवाला येणार आहे. त्याआधी यादी करा. धड असतील ती ठेवू, फाटकी आणि रेघोट्या मारलेली जाऊ देत." मंगळवार पेठेत लग्नातल्या भांड्यांपासून मयताच्या सामानापर्यंत कुठलीही यादी माझ्याकडेच येते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

घरी हे सांगितलं, तर आत्या भाकरी अर्धी टाकून उठली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी. "माझं गुळाचं पुस्तक घावतंय का बघ," ती म्हणाली. "घावलं तर रद्दीत घालू नगंस."

गुळाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आत्या दहा वर्षांची असताना रविवारच्या वर्गात एक गोष्ट वाचून दाखवली गेली. एक मुलगा गुऱ्हाळावर जातो, न विचारता गुळाचा खडा उचलतो आणि तिसऱ्या दिवशी तापानं मरतो. आत्या उभी राहून म्हणाली, "बाई, गुऱ्हाळावर इचारत न्हाईत." बाईंनी माफी मागायला सांगितली. आत्यानं मागितली नाही. उलट पुस्तकातच पेन्सिलीनं आपलं म्हणणं लिहून ठेवलं. म्हणून नाताळच्या कार्यक्रमात तिला देवदूताचे पंख मिळाले नाहीत. "देवदूत झाले न्हाई, पर माफी मागितली न्हाई," हे वाक्य तिनं आयुष्यभर वापरलं: सासूपुढे, हेडमास्तरपुढे, एकदा एसटीच्या कंडक्टरपुढेसुद्धा.

वडिलांचा यावर कधीच विश्वास नव्हता. "साहेबाच्या पुस्तकात गुऱ्हाळ कुठनं आलं? मनानं रचतीया," ते म्हणायचे. आताही म्हणाले. आत्या त्यांना म्हणाली, "तू तवा झबल्यात व्हतास. गप बस की."

म्हणजे सोमवारपर्यंत आत्याचा शब्द खरा ठरायचा होता, नाहीतर रद्दीत जायचा होता.

मी शुक्रवारी सकाळी हातमोजे, फडकं आणि वही घेऊन बसले. रकाने आखले: क्रमांक, नाव, पानं, वाळवी, ठेवणे की टाकणे. दहाव्या पुस्तकानंतर आणखी एक रकाना वाढवावा लागला: कोण मेलं.

कारण कोणीतरी मरतंच. चांगलं मूल असेल तर ते अंथरुणावर, हळूहळू, सगळ्यांना उपदेश करून मरतं. वाईट असेल तर पाण्यात, पटकन, उपदेश न ऐकता. रविवारी पोहायला गेलेली मुलं बुडतात. सोमवारी गेलेला एकही बुडाल्याची नोंद मला सापडली नाही. एका मुलीनं आरशात तीनदा पाहिलं, तिला देवी आल्या. आया तर विलक्षण. मुलगा दूध सांडतो आणि आई म्हणते, "प्रिय बाळा, आपल्या अंतःकरणाकडे पाहा." आमच्या पेठेतली आई आधी पाठीकडे पाहते. यातल्या बऱ्याच गोष्टी विलायतेहून आणून इथले कपडे घातलेल्या होत्या. कपडे इथले, पण ढगळ. एका खेड्यातल्या घरात चक्क बर्फ पडत होता.

हसू येत होतं, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. टाईप सुरेख होता, शिवण अजून घट्ट होती आणि ज्यांनी हे छापलं त्यांना मुलांची खरोखर काळजी होती. फक्त मुलं जिवंत ठेवून काळजी करायचं त्यांना जमत नव्हतं.

शनिवारी दुपारी सत्तेचाळीस क्रमांकाला गूळ सापडला.

पान अकरा. मुलगा गुऱ्हाळावर येतो, काहिलीतून उतरलेल्या गरम गुळाचा खडा न विचारता उचलतो आणि मालक मान हलवून दुःखी होतो. मूळ गोष्टीत बहुधा कपाटातली साखर असावी. भाषांतर करणाऱ्यानं साखरेचा गूळ केला, कपाटाचं गुऱ्हाळ केलं आणि इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे गुऱ्हाळावरून कोणी गूळ न खाता गेलं तर मालक दुःखी होतो. शिरोळला मी स्वतः पाहिलंय, वाटेनं जाणाऱ्याला "पावणं, या की" म्हणून ओढून आणतात आणि हातावर चटका बसेल इतका गूळ ठेवतात.

समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "गुऱ्हाळावर चोरी होत नाही."

खाली, त्याच अक्षरात: "माझे चुकले. क्षमा असावी."

दोन्ही ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. आत्याची किराणा यादी आजही तशीच चढते. शेवटचा 'साबण' नेहमी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेला असतो.

वहीत मी लिहिलं: "पान ११, पेन्सिलीच्या दोन ओळी." आणि पुस्तक घरी नेलं.

आत्यानं भिंग लावलं. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, दोनदा. वडील म्हणाले, "बरं बाई, गोष्ट हाय. आण इकडं, बघू." आत्याचा अंगठा समासातल्या दुसऱ्या ओळीवर होता. "तुझा चष्मा शोध आधी," ती म्हणाली. ते चष्मा शोधायला आत गेले.

"तू वाचलंस?" तिनं मला हळू विचारलं.

"वाचलं."

"बाईंनी सांगितलं, लिहून दे, मग पंख देते. लिहून दिलं." तिनं भिंग खाली ठेवलं. "तरीबी पंख दुसरीलाच दिलं. मग ती माफी मी सांगायची कशाला?"

मी वही उघडली, "दोन ओळी" खोडलं आणि "एक ओळ" लिहिलं. माझ्या यादीत जाणूनबुजून केलेली ही पहिली चूक. त्या पुस्तकांच्या हिशेबानं मला तिसऱ्या दिवशी ताप यायला हवा होता. आला नाही. मी वही मिटेपर्यंत आत्यानं माझ्या पेन्सिलीमागचं रबर वापरून उरलेलं काम केलं, आणि वडील चष्मा लावून आले तेव्हा पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

सोमवारी सेक्रेटरींनी यादी पाहिली. "सत्तेचाळीस? वाळवी आहे, समासात लिहिलंय, आणि तुम्ही 'ठेवणे' म्हणताय?"

"हो."

"आणि 'कोण मेलं' मध्ये हे काय, 'मुलगा, विनाकारण'?"

"तुम्ही कधी गुऱ्हाळावर विचारून गूळ खाल्लाय?" मी विचारलं.

ते आजऱ्याकडचे, गुऱ्हाळं बघत वाढलेले. त्यांनी सही केली.