अर्ध्यावरचं शटर

त्या दिवशी रिसोडला एसटीतून उतरून आमच्या बाजारओळीत शिरलो आणि एकूणएक दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली दिसली, तेव्हा खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन दिवस धनजला मेहुण्याकडे होतो, फोन बंद पडलेला. वाटलं, जिंकला धनराज! शेवटी या गेंड्याच्या कातडीच्या लोकांनी ऐकलं त्याचं. त्याच्या दुकानाकडे झपाझप निघालो, तर समोरच्या कापडवाल्यानं दंडाला धरून थांबवलं. "कुठी चालले, गजाननभाऊ? धनराजभाऊ गेले ना आज पहाटे. झोपेतच. आता येतेच अर्थी इकून..." मी तिथंच चपला काढल्या आणि रांगेत उभा राहिलो.

आमच्याकडे बाजारातून अर्थी जायची असली की दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतो, पायरीवरून खाली उतरून हात जोडतो. अर्थी पुढे गेली की शटर वर. कुणी शिकवावं लागत नाही. धनराज मात्र गेलं वर्षभर रोज, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, गावात कुणीही मेलेलं नसताना शटर अर्ध्यावर ओढून पायरीवर उभा राहायचा. त्याचं किराणा-तेलाचं दुकान, माझं हार्डवेअरचं, मध्ये एकच भिंत. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा. पण साधू वगैरे अजिबात नव्हता. कॅरममध्ये हरला की आठवडाभर बोलायचा नाही. उधारी मागताना तर असा पाणउतारा करायचा, की माणूस पुन्हा त्या ओळीतून जाताना मान खाली घालून जाई.

लढाई सुरू झाली ती लांब, समुद्रापलीकडे. कुठल्या देशात ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लगेच तुम्ही बाजू घेऊन बसाल, आणि मला त्याचाच वीट आला आहे. चहाच्या हॉटेलात तेच चाललं होतं, क्रिकेटची मॅच असावी तसं. एक दिवस टीव्हीवर ढिगाऱ्यातून एक पोर ओढून काढत होते, धुळीनं पांढरंफटक झालेलं. हॉटेलवाल्यानं आवाज वाढवला. एक जण म्हणाला, आता खरी मजा येऊन राह्यली. दुसऱ्यानं भज्यांची आणखी एक प्लेट सांगितली. तिसरा हिशेब करत होता, की तिकडचं खायचं तेल यायचं बंद झालं तर आपल्या सोयाबीनला भाव चढेल. धनराजनं चहा तसाच ठेवला, दुकानात आला आणि शटर ओढलं. मला वाटलं, दुकान बंद करून घरी चालला. तो अर्ध्यावर थांबला आणि पायरीवर येऊन उभा राहिला.

पहिले काही दिवस मोठी गंमत झाली. अर्धं शटर पाहून लोक थांबायचे, गाडी बंद करायचे, आणि न येणाऱ्या अर्थीची वाट बघत उभे राहायचे. खरी गोष्ट कळली की फसवल्यासारखे चिडायचे. केनवडची एक बाई मात्र मला विसरता येत नाही. बाजाराला आलेली, डोक्यावर पदर घेऊन चपला काढून बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "कोन गेलं जी?"

"लेकरं," धनराज म्हणाला.

"कोनाचे?"

"मायबापाचे."

"थे टीव्हीवरच्या लढाईतले?" तिनं विचारलं. धनराजनं आपल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाचा नंबर लावून फोन तिच्या हाती दिला. तुमचं म्हणणं सरकारनं जगासमोर जोरात सांगावं, एवढंच बोला, म्हणाला. ती बोलली, "दादा, थे लढाई बंद करा म्हना त्याईले. लेकरं मरून राह्यले." मग पदरानं फोन पुसून परत दिला आणि बेसन मागितलं.

असे फोन त्यानं किती जणांना लावायला लावले, त्याची गणती नाही. कार्यालयातला माणूस आधी हसायचा, नळाला पाणी येत नसेल तर तेवढं सांगा म्हणायचा. नंतर धनराजचा नंबर दिसला की उचलेनासा झाला. तेव्हा धनराज गिऱ्हाइकांच्या फोनवरून लावायला लागला. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, रिसोडच्या फोननं तिकडची तोफ थांबते का? तो म्हणाला, "मले माहीत आहे नाही थांबत. पन नोकर ठेवला तं काम सांगा लागते ना? एकडाव सांगून कोनता नोकर काम करते? अन् आपन तं सांगतच नाही, अन् मंग म्हनतो, ऐकत नाही."

मग त्यानं व्यापाऱ्यांच्या बैठकीत विषय काढला. सगळ्यांनी मिळून रोज दहा मिनिटं शटर अर्ध्यावर ओढायचं आणि एका दुकानातून एक फोन. एवढंच. मी शेजारी बसलो होतो. हंगामात असले धंदे परवडत नाहीत, म्हणे. आधी तुम्ही कोणाच्या बाजूचे ते सांगा, म्हणे. आणि एक जण, पोटावर हात फिरवत, हसत बोलला, "सोयाबीन इकू द्या ना, भाऊ. मंग थांबवू लढाई." सगळे खदखदून हसले. चांगली, देवळात जाणारी, मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारी माणसं. परतताना धनराज म्हणाला, "क्षमावाणीच्या सनाले आपन घरोघर जाऊन माफी मागतो, गजानन. जाने-अनजाने दुखवलं असंन तं क्षमा करा. अन् हे तं जानून हासून राह्यले... मले किळस आली लेका."

दुसऱ्या दिवशीही त्यानं शटर अर्ध्यावर ओढलंच.

त्याची अर्थी आली तेव्हा तीच माणसं हात जोडून उभी होती. दहा मिनिटं जमत नव्हती, त्या बाजारानं त्याच्यासाठी अर्धा दिवस बंद पाळला. शोकसभेत त्याला शांतिदूत म्हणाले, दोन मिनिटं उभे राहिले आणि बसताबसता सोयाबीनचा भाव काय निघाला ते विचारून घेतलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर धनराजचा फोटो बोटभर, आणि ज्यांच्या कार्यालयात त्याचा फोन उचलत नव्हते, त्या साहेबांचा हातभर. तिकडे लढाई चालूच आहे. इकडे हॉटेलात भजी चालूच आहेत.

हा लेख वाचून तुम्ही हळहळणार असाल तर कृपा करून हळहळू नका. निवडून दिलेल्या माणसाचा नंबर तुमच्यापाशी असतो. रस्त्याच्या, बदलीच्या, मुलाच्या ॲडमिशनच्या कामाला तो बरोबर सापडतो. त्यावर फोन लावा आणि युद्ध थांबवा म्हणून सांगा. नाही उचलला तर उद्या लावा. धनराजला यापेक्षा जास्त काही नको होतं.

परवा त्याचा मुलगा सुमित माझ्या दुकानात आला. वर्षभर रोज मध्येच अडवून शटरची स्प्रिंग कामातून गेली आहे. सकाळी उघडताना ते नेमकं अर्ध्यावर अडकतं, खांदा लावल्याशिवाय वर जात नाही. काका, नवीन स्प्रिंग द्या, म्हणाला. माझ्या मागच्या फळीवर स्प्रिंगा पडलेल्या त्यालाही दिसत होत्या. मी म्हटलं, माल संपला. कधी येईल, त्यानं विचारलं. मी म्हटलं, लढाई थांबली की येईल. तो फळीवरच्या स्प्रिंगांकडे बघून परत गेला.

काल सकाळी तो शटरला खांदा लावत असताना रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवली. टोपी काढून हातात घेतली, बाजाराच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि मला विचारलं, "कोन गेलं जी?"

"लेकरं," मी म्हणालो, आणि नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.