काका खुशीनं गेले

आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केला, पण सगळ्यांत मोठा केला तो नवी नवरी असताना. तेव्हा मी स्वतःला घरातली सर्वांत हुशार सून समजत असे. घरात सून मी एकटीच होते, ही गोष्ट वेगळी. ज्या माणसाला ‘नको’ म्हटलं की तो ते करणारच, हे गोठ्यातल्या गुरांनासुद्धा ठाऊक होतं, त्याला मी म्हणाले, “जाऊ नका.”

तो माणूस म्हणजे माझे चुलत सासरे. काळी नदीच्या दोन्ही काठांवर इतका उफराटा माणूस जन्मला नसेल. जेवायला हाक मारली की ते उठून कुंपण नीट करायला जात. हाक मारली नाही की आपलं पान आपण मांडून बसत. काकी म्हणत, “आज आंघोळ करू नगा, पानी कमी हाय,” की हे न्हाणीत! एकदा पाटलानं दटावलं, जंगलच्या साहेबाला नमस्कार घाल म्हणून. काकांनी साहेबाला सोडून त्याच्या घोड्याला हात जोडले. “त्येला घाल म्हनून कुनी सांगितलं न्हाई, म्हनून घातला!” आणि न बोलावता दुसऱ्याच्या शेतात लावणीला पहिले उतरत तेही हेच. मग घरानं त्यांच्याशी उलटं बोलायची रीतच पाडून घेतली.

मोठ्या लढाईच्या दिवसांत सुप्याहून सरकारी माणूस आला. देवळासमोर उभा राहून म्हणाला, जबरदस्ती कुणावर नाही, ज्यानं त्यानं खुशीनं यायचं. मात्र या गावातून एक गडी आलाच पाहिजे. काका मागून ओरडले, “म्हंजे खुशी तुमची आनि गडी आमचा व्हय?” लोक हसले. पण हसून गडी टळत नव्हता. शेवटी गावानं देवाला कौल लावला. ओल्या पाकळ्या देवाला चिकटवायच्या, एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला उजवी पाकळी पडेल तो जाणार. पडली ती शेजारच्या बाळंतिणीच्या नवऱ्याच्या नावाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काका उसळले. “सरकार ढकलतंय ते पुरं न्हाई, आता देव बी ढकलनार? धाडल्याला त्यो बैल. आपल्या पायानं जाईल त्यो मानूस!”

घरी येऊन मात्र ते ओसरीवर गप्प बसले. त्या गप्प बसण्याला काकी घाबरल्या आणि रीतीप्रमाणे ठसक्यात म्हणाल्या, “जावा की तुमीच लढाईवर! घराला जरा इसावा तरी मिळंल.” मात्रा अगदी बरोबर होती. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पण मला रडू फुटलं आणि मी बोलून गेले, “काका, तुम्ही जाऊ नका हां.”

काका माझ्याकडं बघून चक्क हसले. सकाळी शेजाऱ्याच्या जागी तेच निघाले. सरकारी माणसाच्या पुढं चालत होते, कारण त्यानं मागून ये म्हणून सांगितलं होतं.

ते परत आले नाहीत. समुद्रापलीकडं कुठंतरी पडले, एवढंच कळलं.

पुढं कितीतरी दिवस मी काकींसमोर मान वर केली नाही. एकदा दोघी भात पाखडत होतो. राहवेना, म्हणाले, “काकी, माझ्या एका शब्दानं गेले हो ते.” त्यांनी सूप खाली ठेवलं.

“खुळी हाईस. देवळातनं आल्या आल्याच त्येंनी संगं न्यायचं कांबळं परसात धुऊन वाळत टाकल्यालं, मी बघितल्यालं. भिऊन मी ‘जावा’ म्हनले. ‘जाऊ नगा’ म्हनून त्येंना ऐकाय मिळालं, ते तुझ्याच तोंडातनं गे.”