सरदाराच्या तोंडून माझा आवाज

आमच्या घरात हळू आवाजात बोलणारी मी एकटीच आहे आणि त्यावर अजून कुणाला इलाज सापडलेला नाही.

बाकी सगळे या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसे बोलतात. आत्या कोरेगावहून फोन करते तेव्हा मधे फोन कशाला, असा प्रश्न पडतो. बापूकाका फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज अजून ड्यूटीवर आहे. अशा घरात मी! प्रत्येक लग्नात कुणीतरी माझ्याकडे बघून विचारतंच, "ही कुणावर गेलीय गं?" मग सगळे संशयाने आईकडे बघतात. (आईचं माहेर जतचं. तिथे तर मराठी-कानडी अशा दोन भाषांत ओरडतात.)

मला इंग्रजी शाळेत घातलं ते धीट व्हावी म्हणून. मराठीत गप्प राहायला मला आधीपासून येतच होतं. तिथे मी इंग्रजीतही शिकले.

तर, आबा. म्हणजे माझे आजोबा, आत्याचे आणि काकांचे वडील. वाईजवळच्या आमच्या गावी एकदा सिनेमावाले आले होते. त्यांना घाटावर बैलगाडी हवी होती आणि आबा आपली गाडी घेऊन गेले. पुढच्याच वर्षी आबा वारले. आत्या तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, काका पाळण्यात. घरात आबांचा फोटो नाही. भिंतीवर जे चित्र आहे ते त्यांच्या मागून एका चित्रकाराने चुलत आजोबांना समोर बसवून काढलेलं. ("नाक तेवढं आबांचं समजा," असं पाहुण्यांना सांगतात.) तरी आबा वाघासारखे होते, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचे, हे आत्याला स्पष्ट आठवतं. पाळण्यातल्या काकांनाही आठवतं!

यंदा गावातला एक म्हातारा सांगलीला गेला आणि बातमी घेऊन आला. तिथल्या एका जुन्या बंद थेटरात सिनेमाचं संग्रहालय झालंय. मूळ सिनेमा कुठे मिळत नाही, पण शूटिंगच्या वेळचा एक तुकडा तिथे आहे. त्यात आमचा हिऱ्या बैल आहे, डाव्या वाकड्या शिंगासकट! आणि बैलाशेजारी माणूस आहे. मात्र तो तुकडा विनंती केल्याशिवाय दाखवत नाहीत.

"विनंती सायली करंल," आत्या म्हणाली. "शिकल्याली हाय."

निघायच्या आधी तिने मला गोठ्यामागे गाठलं आणि तिच्या मानाने कुजबुजली. म्हणजे फक्त गोठ्यातल्या म्हशींना ऐकू गेलं. "सायले, कुणाला सांगू नगं. मला आबाचं तोंड आठवत न्हाई बग. त्यो चितरातला म्हातारा मधी मधी येतो. एकदा बगायचंय मला. तुझ्या पोटात ऱ्हातं, म्हणून तुला सांगितलं."

माझ्या पोटात राहतं. ही माझी घरातली एकमेव ख्याती.

आत्या, काका आणि मी संग्रहालयाच्या दारातच अडलो. रखवालदाराने आत्याची पिशवी उघडली. आत फडक्यात बांधलेली भाकरी आणि पाण्याची बाटली.

"मावशी, खायचं आत न्यायचं न्हाई."

"खायला कोण नेतंय? ओवाळून टाकायला हाय. लय वर्सांनी माणूस भेटायचंय, भाकरतुकडा नगं व्हय?"

"कुणाला ओवाळताय?"

"माझ्या बापाला."

रखवालदाराने काकांकडे निरखून पाहिलं. काका भडकले, "आवं, मी भाऊ हाय हिचा! धाकटा!" रखवालदार बाजूला झाला. पिशवी आत गेली.

आत चौकशीच्या टेबलाशी एक मॅडम होत्या. शांत, चष्म्याच्या. आत्याने मला कोपराने ढोसलं. मी पुढे गेले, घसा साफ केला आणि विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

मग बाथरूमला जाणं भागच होतं. परत आल्यावर मी जाहीर केलं की आधी सगळं संग्रहालय बघू, विनंती शेवटी करतात.

पूर्वीची तिकीट-खिडकी जशीच्या तशी ठेवली होती. मूठ जेमतेम जाईल एवढं भोक. काकांनी "आम्ही असाच हात घालत व्हतो," म्हणून हात घातला आणि तो घड्याळापाशी अडकला. "कोई बात नहीं!" असं ते दोन्ही बाजूंना सांगत राहिले. आत्याने बाटलीतलं थोडं पाणी ओतून त्यांना सोडवलं. मेकअपच्या खोलीत चहूकडे आरसे, आरशांभोवती दिवे. इतक्या आत्या मी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या आणि प्रत्येक आत्या मला विचारत होती, "इचारलंस का?"

मी जिन्याने वर पळाले. वर मशीनची खोली होती. दोन काळी अजस्र यंत्रं, आणि समोरच्या भिंतीत एक चौकोनी झरोका. खालच्या हजार माणसांना हसवणारा, रडवणारा सगळा उजेड एवढ्याशा झरोक्यातून जायचा. खाली अंधारात खुर्च्यांवर माणसं होती आणि त्यातल्या कुणालाही मी दिसत नव्हते. आयुष्यभर बसावी अशी जागा! आबा असे कुठल्या तरी झरोक्यातून किती गावांत गेले असतील, आणि घरी मात्र नाहीत, असं मनात आलं. तेवढ्यात खालून हाक आली, "सायलेऽऽ!" झरोका हादरला.

मी शेजारच्या दारातून आत शिरले. काचेच्या दाराची छोटी खोली, भिंतींना गादीसारखं कापड, मधोमध टांगलेला माईक, समोर एक पडदा. त्यावर कुठल्याशा सिनेमातला मिशाळ सरदार तलवार उपसून तावातावाने बोलत होता, पण आवाज नव्हता. दारावर लिहिलं होतं : 'या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही.' आमच्या कुटुंबात जन्मलेल्या मुलीला आणखी काय हवं! मी दार लावलं. खालच्या ओळी वाचल्या नाहीत. टेबलावरचं लाल बटण माझ्या कोपराखाली होतं हेही पाहिलं नाही.

आणि मी तालीम सुरू केली.

"एक्स्क्यूज मी मॅम, वी हॅव कम टू सी अवर ग्रँडफादर." नको. "नमस्कार. आमचे आजोबा आपल्याकडे आहेत. त्यांना भेटता येईल का?" हे तर पोलीस कोठडीत विचारल्यासारखं झालं. पाच-सहा वेळा बदलून बघितलं आणि मग माझा धीर सुटला. "मला नाही जमत," मी सरदाराला सांगितलं. "आत्याला आबांचा चेहराच आठवत नाही हो. घरात कुणाला माहीत नाही. आणि तो माणूस आबा नसलाच तर? तिला मी काय सांगू?"

बाहेरचा आवाज आत येत नव्हता हे खरंच होतं. आतला मात्र बाहेर जात होता! ती प्रेक्षकांनी पडद्यावरच्या माणसाला आवाज द्यायची खोली होती. खाली मोठ्या हॉलमध्ये, भिंतभर पडद्यावर, तो मिशाळ सरदार तलवार नाचवत माझ्या बारीक आवाजात विचारत होता, "एक्स्क्यूज मी मॅम!"

पुढचं काकांकडून कळलं. आधी हॉल हसून लोळला. आत्या उभी राहून म्हणाली, "आगं बया, ह्यो सायलीवानी बोलतोय!" मग सरदाराने मिशीवर हात फिरवत आत्याचं गुपित फोडलं आणि हॉल गप्प झाला.

मी खाली आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. जमीन दुभंगली असती तर मी आत उडी मारली असती, पण फरशी नवी होती. आत्या आणि काका शेजारी शेजारी बसले होते.

"आक्का," काका म्हणाले. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मला वाटलं, तुला तरी आठवतोय. मी तुझंच ऐकून सांगत आलो की गं."

"आन् मी आयचं ऐकून," आत्या म्हणाली.

मी जवळ गेले. "आत्या, माझ्या पोटात..."

"असू दे," तिने डोळे पुसले. "माझं मेलीचं पोट हलकं झालं."

चष्म्याच्या मॅडम मागेच उभ्या होत्या. विनंती त्यांना पोचली होती. सरदारामार्फत.

त्यांनी आम्हाला एका लहानशा खोलीत नेलं. दिवे गेले. घाट दिसला, पाणी दिसलं. मग वाकड्या शिंगाचा हिऱ्या! काका ओरडले. हिऱ्याच्या पलीकडून मुंडासं बांधलेला एक काटक माणूस कासरा धरून पुढे आला. आत्याने माझा हात धरला. माणसाने मान वर केली, कॅमेरा बघितला, आणि झटकन बैलाच्या मानेआड तोंड लपवलं. कुणीतरी हात करून त्याला इकडे बघायला सांगत होतं. तो आणखीच आत सरकला. आमचा वाघ!

आत्या उठली. फडकं सोडून तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि ओवाळू लागली. तिच्या हाताची सावली पडद्यावर हिऱ्याभोवती फिरू लागली. "आबा, वळा की हिकडं! मी हाय, तुमची थोरली!"

आणि अगदी शेवटी, तुकडा संपता संपता, शिंगाखालून अर्धा चेहरा दिसला. ओठ दाबून हसणारा, भयंकर लाजलेला. तेवढाच.

दिवे लागले. मग आत्याने वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, मी कुणीतरी नवीन असल्यासारखं.

"बापू," ती म्हणाली, "कळलं का, ही कुणावर गेलीया ती?"

तो तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. भाकरी संपेपर्यंत. निघताना मॅडमनी कॅमेरा लावला. आबांची आठवण संग्रहालयात कायमची राहायला हवी, घरातल्या कुणीतरी ती सांगावी, असं त्यांचं म्हणणं. "तुम्हीच सांगा ना," त्या मला म्हणाल्या. "तुमचा आवाज सगळ्यांना आवडलाय." आत्या म्हणाली, "सांग की! आता कसली लाज?"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

आणखी पन्नास वर्षांनी माझ्या नातवंडांपैकी कुणी मला शोधत सांगलीला गेलंच, तर त्यांनी घरून भाकरी न्यावी आणि फार आशा ठेवू नये. माझी वेणी मात्र त्यात अतिशय स्पष्ट आली आहे.